सोमवारी सकाळी अकरापर्यंत तहकूब

शुक्रवार, 25 जुलै 2025. अकरा वाजायला पाच मिनिटं कमी आहेत. जबलपूरजवळच्या भेडाघाटात पंचवटी घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दगडी मूर्तींची दुकानं आहेत, त्यातल्या एका दुकानाच्या पडवीत मी आणि माझे आतेभाऊ, दादा, बसलो आहोत. खाली नर्मदा गढूळ होऊन वाहते आहे. हिवाळ्यात जिच्यात संगमरवरी कडे आरशासारखे दिसतात ती हीच नदी, हे आज सांगूनही पटणार नाही. पावसाळ्यात इथला नौकाविहार बंद असतो. नावा दोर लावून वर ओढून ठेवल्या आहेत. एरवी पर्यटकांना कड्यांमधून फिरवताना यमकं जुळवत अखंड बोलणारे नावाडी दुकानांच्या फळ्यांवर बसून आहेत.

कारागीर मऊ दगडाच्या नंदीवर कानस फिरवतो आहे. शेजारी पाण्याची वाटी आणि पॉलिश पेपरचे तुकडे. त्याचे हात मनगटापर्यंत पांढरे झाले आहेत. पूर्ण झालेल्या एका नंदीच्या पाठीला मोबाईल टेकवून ठेवला आहे आणि त्यावर संसद टीव्ही लागला आहे. तो मी लावायला सांगितलेला नाही. कारागीर म्हणतो, पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, मग बातम्यांपेक्षा हे बरं, इथे जे बोलतात ते त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतं.

माझ्या मोबाईलवर आजची कार्यसूची आहे, हिंदीतली. वर ‘लोक सभा’, खाली वार आणि तारीख, आणि त्याखाली शक संवताची तारीख: 3 श्रावण 1947. भारत सरकारच्या राष्ट्रीय पंचांगाप्रमाणे श्रावणाचा हा तिसरा दिवस. आपल्या घरच्या पंचांगात श्रावण आज, प्रतिपदेला, लागतो आहे. आणि इथे पौर्णिमान्त महिन्यांचा हिशेब असल्याने सावन सुरू होऊन दोन आठवडे झाले. मघाशीच नर्मदेचं पाणी खांद्यावर घेतलेली भगव्या कपड्यांतली मुलं ‘नर्मदे हर’ म्हणत वरच्या रस्त्याने गेली.

कार्यसूची हा साधा कागद आहे, पण मला तो फार मोलाचा वाटतो. आज हे सभागृह काय करणार, कोणत्या क्रमाने करणार, हे त्यात आधीच छापलेलं असतं. सर्वांत वर प्रश्न. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न घेता येतात, त्यांची उत्तरं मंत्र्याने उभं राहून द्यायची असतात, आणि उत्तर पटलं नाही तर सदस्याला तिथल्या तिथे पूरक प्रश्न विचारता येतो. आणखी 230 अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरं मिळतात. लेखी उत्तर खात्यातला अधिकारी तयार करतो. तोंडी पूरक प्रश्नासमोर मात्र मंत्री एकटा असतो. त्यानंतर पटलावर ठेवायची कागदपत्रं, समित्यांचे अहवाल, विधेयकं, आणि शुक्रवार असल्याने शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजाचे, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी स्वतः आणलेल्या विधेयकांचे आणि ठरावांचे.

अकरा वाजतात. मार्शलची घोषणा होते, सगळे उभे राहतात, अध्यक्ष ओम बिर्ला आसनावर येतात. पहिला प्रश्न पुकारला जातो आणि त्याच क्षणी विरोधी बाकांवरचे सदस्य पुढे येतात. बिहारमधल्या मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणावर चर्चा हवी, ही मागणी आहे. फलक वर होतात. घोषणांखाली प्रश्नकर्त्याचा आवाज दबतो. अध्यक्ष जागेवर बसायला सांगतात, पुन्हा सांगतात, मग कामकाज दुपारी दोनपर्यंत तहकूब होतं. सगळं काही मिनिटांत आटोपतं.

“हो गया?” फळीवरचा नावाडी विचारतो. “अब दो बजे,” कारागीर म्हणतो आणि कानस पुन्हा चालू होते.

तो राज्यसभेकडे वळतो. तिथे सकाळी शपथविधी आहे. तमिळनाडूतून निवडून आलेले कमल हासन तमिळमध्ये शपथ घेतात आणि दुकानातला पोरगा काम टाकून बघायला येतो. बाकं वाजतात. उपसभापती हरिवंश आसनावर आहेत, कारण सोमवारीच, अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, जगदीप धनखड यांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. पण थोड्याच वेळात त्या सभागृहातही तोच विषय आणि तोच गदारोळ सुरू होतो.

नावाडी पन्नाशीचा असावा. तो विचारतो, “भैया, इसमें हमारे काम का भी कभी कुछ होता है?” हा प्रश्न मला दोन्ही सभागृहांतल्या आजच्या सगळ्या घोषणांपेक्षा मोठा वाटतो. उत्तर आहे, आणि ते त्याच्या समोरच दोरीला बांधलेलं आहे. 2021 च्या पावसाळी अधिवेशनात संसदेने अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा केला. त्याने 1917 चा जुना कायदा रद्द झाला. त्यात इंजिनाशिवाय, वल्ह्यांवर चालणाऱ्या नावांसाठीही वेगळी तरतूद आहे: त्यांची नोंद, त्यांची सुरक्षितता, आणि हे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवणं. म्हणजे भेडाघाटच्या या नावा त्या कायद्याच्या कक्षेत येतात. लोकसभेने ते विधेयक 29 जुलै 2021 ला मंजूर केलं, आणि तेव्हाही सभागृहात गदारोळच चालला होता. तेव्हाचा विषय पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा. नद्यांवर पोट असलेल्या माणसांचा कायदा घोषणांच्या आवाजात आवाजी मतदानाने पुढे गेला. नावेत किती माणसं बसवावीत, पावसाळ्यातल्या बंद महिन्यांत या कुटुंबांनी काय खावं, वल्ह्यांच्या नावेला किती कागद लागावेत, हे कुणीतरी उठून विचारायला हवं होतं.

मी हे नावाड्याला सांगतो. तो नीट ऐकून घेतो. “हमसे तो किसी ने पूछा नहीं,” एवढंच म्हणतो आणि बिडी पेटवतो.

दोन वाजायला वेळ आहे. दादा म्हणतात, चल, वर देवळात जाऊन येऊ. त्यांचे वडील 1956 मध्ये नागपूरहून इथे आले. 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूरला होती. नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला आलं, आणि त्याच्यासोबत वकील, कारकून, टंकलेखक अशी कितीतरी मराठी घरं नर्मदेकाठी आली. दिल्लीत संमत झालेल्या एका कायद्याने आमच्या घराची एक शाखा इथे रुजली, असं दादा सांगतात, आणि ते शब्दशः खरं आहे.

चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या शंभरावर पायऱ्या पावसाने निसरड्या झाल्या आहेत. दादा कठडा धरून चढतात. वर दाराशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक आहे. मंदिर राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे, त्याची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा 1958 चा कायदा आणि ही शिक्षा 2010 च्या दुरुस्तीने वाढवलेली. त्याच दुरुस्तीने स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगीचं बंधन कायद्यातच घातलं. भेडाघाटात घर बांधणाऱ्याला, दुकानाची पडवी वाढवणाऱ्याला संसद भेटते ती अशी, गंजत चाललेल्या निळ्या पत्र्यावर.

आत गोल प्रांगण. भिंतीला लागून कोनाड्यांची रांग फिरत जाते आणि प्रत्येक कोनाड्यात एक देवी बसलेली आहे. नाव चौसष्टचं असलं तरी कोनाडे 81 आहेत. कलचुरी राजांच्या काळात, दहाव्या शतकात, हे वर्तुळ उभं राहिलं. मधलं गौरीशंकराचं मंदिर नंतरचं, बाराव्या शतकातल्या राणी अल्हणादेवीच्या काळाशी जोडलेलं. बहुतेक योगिनींचे हात, नाक, स्तन फोडलेले आहेत, पण बैठकीवर कोरलेली नावं अजून वाचता येतात. मी एका बैठकीवरचं पावसाचं पाणी रुमालाने टिपतो. अक्षरं खोल आहेत, कोरणाऱ्याने घाई केलेली नाही.

एक गाइड छोट्या घोळक्याला सांगतो आहे की दिल्लीची संसद असल्याच गोल देवळावरून बांधली. मुरैना जिल्ह्यातल्या मितावलीच्या योगिनी मंदिराबद्दलही असंच सांगतात. संसदेच्या त्या इमारतीचे वास्तुकार हर्बर्ट बेकर आणि एडविन ल्युटेन्स यांनी तसं केल्याचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. 1921 ला पायाभरणी झालेली आणि 1927 ला उघडलेली ती 144 खांबांची गोल इमारत आता संविधान सदन आहे, आणि सप्टेंबर 2023 पासून कामकाज शेजारच्या त्रिकोणी इमारतीत चालतं. घोळक्यातला एक मुलगा विचारतो, “फिर अंदर काम क्या होता है?” गाइड पुढच्या मूर्तीकडे वळलेला असतो.

जबलपूरचं आणि संसदेचं खरं नातं दगडात शोधायची गरज नाही. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीत उद्देशिकेच्या पानाभोवती जी नक्षी आहे, ती जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांनी काढली. इथून रस्त्याने जबलपूरकडे निघालं की तेवर लागतं, कलचुरींची त्रिपुरी. त्या परिसरात मार्च 1939 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, सुभाषचंद्र बोसांच्या अध्यक्षतेखाली. स्वागताध्यक्ष होते सेठ गोविंददास. हे सेठजी 1923 पासून केंद्रीय विधिमंडळात होते आणि स्वातंत्र्यानंतर जबलपूरचे खासदार म्हणून 1974 मध्ये मृत्यू होईपर्यंत लोकसभेत बसले. नव्या लोकसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांनी सदस्यांना शपथ दिली. 1963 मध्ये राजभाषा विधेयकाच्या वेळी त्यांनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं. त्यांचं मत पटो न पटो, बाकावर बसून, नाव नोंदवून ते दिलं.

सेठजींच्या जागी पोटनिवडणूक झाली, तेव्हा दादा शाळेत होते. देवळाच्या ओट्यावर बसून ते सांगतात, “इंजिनीअरिंग कॉलेजचा एक पोरगा उभा होता, शरद यादव. आमच्या गल्लीतली सगळी मोठी मुलं त्याच्यासाठी भिंती रंगवत होती. बाबा म्हणायचे, सेठजींची जागा आहे, हा काय निवडून येतोय! आणि आला की रे.” जानेवारी 1975 ची गोष्ट. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाचा काळ, उमेदवार सत्तावीस वर्षांचा.

पुढचं मी दादांना सांगतो, कारण त्याचा अर्धा धागा पुण्याचा आहे. पाचवी लोकसभा मार्च 1971 मध्ये निवडून आली होती. तिची पाच वर्षं मार्च 1976 मध्ये संपत होती. आणीबाणीचा आधार घेऊन सभागृहाने स्वतःची मुदत वर्षाने वाढवली. शरद यादव तेव्हा तुरुंगात होते आणि मधु लिमयेही. लिमये पुण्याचे, पण निवडून आलेले बिहारमधल्या बांक्यातून. संसदेचे नियम त्यांच्याइतके कसून वापरणारे सदस्य फार थोडे झाले. दोघेही मध्य प्रदेशातल्या नरसिंहगडच्या तुरुंगात होते. लोकांनी पाच वर्षांसाठी पाठवलं, सहाव्या वर्षी त्या बाकावर आमचा हक्क नाही, म्हणून दोघांनीही लोकसभेचा राजीनामा दिला. तुरुंगातल्या माणसाला खासदारकी हा एक आधार असतो, तो त्यांनी सोडून दिला. पुढे 42 व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदतच सहा वर्षांची केली आणि 44 व्या दुरुस्तीने ती पुन्हा पाचावर आणली.

मुदत संपल्यावर जो उठतो, त्यालाच बसायच्या वेळेची किंमत कळलेली असते. आज घोषणा देणाऱ्या आणि बाकावर बसून ती गंमत बघणाऱ्या, दोन्हीकडच्या सदस्यांपुढे मला हे दोन राजीनामे ठेवावेसे वाटतात.

दादा म्हणतात, “पण मतदारयादीचा प्रश्न काही लहान नाही ना रे?” नाहीच. माणसाचं नाव यादीत आहे की नाही, यापेक्षा लोकसभेच्या दृष्टीने मोठा प्रश्न कोणता? त्यावर चर्चा मागणं हा विरोधकांचा हक्क आहे, आणि सभागृहाचा बहुतेक वेळ ज्यांच्या हाती आहे त्या सरकारने त्यासाठी वेळ काढायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण प्रश्नोत्तराचा तास बंद पाडून विरोधक स्वतःचंच हत्यार टाकून देतात, हेही तितकंच खरं. पक्ष बदलले तरी रीत बदलत नाही. 2010 चं हिवाळी अधिवेशन टूजी स्पेक्ट्रम वाटप प्रकरणाच्या चौकशीसाठी भाजपने जवळजवळ वाया घालवलं. ऑगस्ट 2015 मध्ये काँग्रेसचे 25 सदस्य पाच दिवसांसाठी निलंबित झाले. तेव्हा अध्यक्षपदी सुमित्रा महाजन होत्या, चिपळूणच्या माहेरच्या, इंदूरमधून आठ वेळा निवडून आलेल्या.

मराठी माणसाने बांधलेला पाया इथे आठवतो. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. त्यांच्याच कारकीर्दीत, 1955 मध्ये, लोकसभेच्या एका समितीने वर्षाच्या तीन अधिवेशनांच्या तारखा कायमच्या ठरवून टाकाव्यात अशी शिफारस केली होती. ती आजवर अमलात आली नाही. घटनेच्या कलम 85 प्रमाणे दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, एवढंच बंधन. बाकी केव्हा बोलवायचं आणि केव्हा उठवायचं, ते सरकार ठरवतं. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत 677 बैठका झाल्या. 2019 ते 2024 च्या सतराव्या लोकसभेच्या 274.

आम्ही खाली उतरतो. दोन वाजतात. कारागिराने जेवणाचा डबा बाजूला सरकवला आहे, हात पुसून मोबाईल सरळ केला आहे. सभागृह भरतं, कागदपत्रांचं जुजबी काम होतं, घोषणा सुरू होतात आणि आसनावरून जाहीर होतं: सोमवारी, 28 जुलैला, सकाळी अकरापर्यंत कामकाज तहकूब. अशासकीय कामकाजाचे अडीच तास गेले. एखाद्या सदस्याने स्वतः मसुदा करून, कितीतरी महिने रांगेत थांबून आणलेलं विधेयक आज चर्चेला येणार नाही.

सरकारी विधेयकांचीही तीच गत. गोव्याचं एक विधेयक या अधिवेशनाच्या यादीत आहे. गोव्याच्या विधानसभेत 40 जागा आहेत आणि अनुसूचित जमातींसाठी एकही राखीव नाही. गावडा, कुणबी, वेळीप समाज 2003 मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आले. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या अनुसूचित जमातींची संख्या दीड लाखाच्या घरात, लोकसंख्येच्या दहा टक्क्यांवर होती. त्यांना जागा देणारं विधेयक 5 ऑगस्ट 2024 ला मांडलं गेलं आणि वर्ष होत आलं तरी तिथेच आहे. काणकोणच्या वाडीवरच्या माणसाला आजच्या तहकुबीचा अर्थ भेडाघाटच्या नावाड्याइतकाच नेमका कळेल.

संध्याकाळपर्यंत बातमी येते. अध्यक्षांनी सगळ्या पक्षांच्या नेत्यांची बैठक घेतली, सोमवारपासून सभागृह चालवायचं ठरलं, आणि आधी कामकाज सल्लागार समितीत ठरल्याप्रमाणे ऑपरेशन सिंदूर या लष्करी कारवाईवर 16 तासांची चर्चा सुरू होणार. कारागीर विचारतो, “सोमवार को पक्का?” मी हो म्हणतो. नंदी तयार झाला आहे. कारागीर तो पाण्यात बुडवून पुसतो आणि फळीवर ठेवतो.

ती चर्चा 28 जुलैला खरोखरच सुरू झाली. गोव्याचं विधेयक लोकसभेने 5 ऑगस्टला, मांडल्याला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, गदारोळातच मंजूर केलं, आणि राज्यसभेने 11 ऑगस्टला. 21 ऑगस्टला अधिवेशन संपलं तेव्हा अध्यक्षांनीच सभागृहात आकडे सांगितले: 120 तास चर्चा करायचं ठरलं होतं, काम झालं सुमारे 37 तास. 419 तारांकित प्रश्न यादीत होते, तोंडी उत्तर मिळालं 55 प्रश्नांना.

लोकसभेत प्रश्न विचारायचा तर सदस्याला किमान 15 दिवस आधी सूचना द्यावी लागते. तेव्हा पुढच्या अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की वाट पाहू नका. तुमच्या गावचा, नदीचा, शाळेचा, स्मारकाचा जो प्रश्न केंद्राच्या हातात आहे, तो चार ओळींत लिहून आपल्या खासदाराकडे पोचवा आणि तो तारांकित म्हणून द्या असं सांगा. मग त्या दिवशीची प्रश्नसूची उघडून तो क्रमांक शोधा, अकरा वाजता संसद टीव्ही लावा, आणि तुमच्या प्रश्नाची पाळी येण्याआधी सभागृह उठलं तर का उठलं, हे खासदाराला पत्राने विचारा.